ताक मागते, पीत नाही

अर्जदार : मी स्वतः. वय बावन्न. शिक्षण आठवीपर्यंत. व्यवसाय, तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत टेबल मांडून लोकांचे अर्ज, हरकती व प्रतिज्ञापत्रांचे मसुदे लिहिणे. सव्वीस वर्षे अखंड.

ज्यांच्याविषयी अर्ज : मुलांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. वय माझ्याइतकेच असावे. माहेर खांडबाऱ्याकडचे, असे त्यांनीच बोलण्यात एकदा सांगितले.

जिला त्रास झाला ती : माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीची मुलगी. वय सात. उजवा हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत भाजलेला.

साक्षीदार पहिली : सदर मुलीची आई, म्हणजे माझी बहीण, राहणार कोरीट.

साक्षीदार दुसरी : शेजारच्या खाटेवरील मुलीची आजी. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात तिचा पाडा. सहीच्या जागी अंगठा उठवते, पण पाहिलेले विसरत नाही.

घटनेचा काळ : गेल्या उन्हाळ्यातील बिबड्यांचे दिवस. ठिकाण : जिल्ह्यातील एक रुग्णालय.

कोणाचेही नाव मी लिहिलेले नाही व रुग्णालयाचे गावही सांगितलेले नाही. एरवी बिननावाचा अर्ज मी कोणालाही लिहून देत नाही. असा अर्ज आवक टेबलाच्या पुढे सरकतच नाही. परंतु हे लेखन कोणाला शिक्षा व्हावी यासाठी नाही, आणि ज्यांना येथे जाब द्यावा लागणार आहे त्यांत मीही आहे. म्हणून नावे गाळणे मला योग्य वाटले.

आता हकीकत.

आमच्याकडे उन्हाळा तापला की आळीतल्या बायका पहाटे एका अंगणात जमतात व मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवतात. तो खाटेवरच्या ओल्या धोतरावर थापला की दोन दिवसांत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तयार. परंतु मुलांचा जीव बिबड्यांत नसतो. तो त्या गरम घाट्यात असतो. वाटीत घ्यायचा, वर कच्चे तेल सोडायचे आणि फुंकून खायचा. माझी भाची अशीच वाटी घेऊन पातेल्याजवळ गेली. धोतराच्या पाण्याने अंगण ओले झालेले होते. तिचा पाय घसरला व आधारासाठी पुढे केलेला हात पातेल्यात गेला. पाणी असते तर ओघळून गेले असते. घाटा चिकटतो. बायकांनी हात बाहेर काढून रांजणात बुडवला तेव्हा घाट्याबरोबर कातडीही सुटून आली, असे माझ्या बहिणीने मला फोनवर सांगितले.

मेहुणे कामानिमित्त गुजरातेत असतात. बहिणीच्या कडेवर चार महिन्यांचे मूल, आणि त्याला नेमका ताप. मी तिला सांगितले, तू घरी राहा, रुग्णालय मी पाहतो. केसपेपर, शिक्के, सह्या, मोठ्या साहेबांची भेट, हे माझे रोजचे काम आहे आणि ते बायकांना जमणार नाही, असे मी त्या वेळी म्हणालो होतो. दिवसा मी मुलीजवळ बसावे व संध्याकाळी माझ्या पत्नीने यावे, असे ठरले. मी टेबलाला कुलूप लावले, दोन वह्या व एक नवे पेन घेतले आणि वॉर्डात हजर झालो.

वॉर्डात वीस खाटा. पंखे वर फिरत होते, पण हवा खालीच उभी होती. माझ्या भाचीला खिडकीकडची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर डोंगरातली एक मुलगी, मोहाच्या झाडावरून पडून मांडी मोडलेली, पायाला वजन बांधलेले. तिच्याजवळ तिची आजी जमिनीवर बसून असे. या सगळ्यांवर इन्चार्ज सिस्टर, उंच, चष्मा कपाळावर चढवलेला, चालताना चपलांचा आवाज न करणाऱ्या. त्यांच्या हाताखाली आणखी दोघीजणी होत्या, पण ड्रेसिंग त्या स्वतः करीत. काम चोख. पट्टी ओली करून सोडवताना त्यांचा हात कधी घाईत मी पाहिला नाही. हे मी अर्ज ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या बाजूचे म्हणून लिहितो, कारण एकतर्फी अर्ज मला आवडत नाही.

पहिल्याच दिवशी, सिस्टर खाटेपाशी येण्याच्या आधी, मी भाचीला जवळ घेऊन आमच्या घरच्या बोलीत समजावले. “देख पोरी, सिस्टरना समोर रडानं नही. तोंडखाल काही मांगानं नही. त्यासनी इचारं तं ‘बरं शे’ एवढंच सांगानं. जे मांगनं शे ते मी कागदवर मांगसू.”

ती म्हणाली, “हा मामा.”

यामागे माझा अनुभव होता. कचेरीत जो माणूस दारातच गयावया करू लागतो, त्याचा कागद नंतर कोणी उघडत नाही. साहेबाच्या मनात त्याची एक कटकट्या म्हणून नोंद होऊन गेलेली असते. जो शांत उभा राहतो, विचारल्यावर सर्व ठीक आहे म्हणतो आणि मग मुद्देसूद लेखी निवेदन देतो, त्याचे निवेदन वजनाचे ठरते. सव्वीस वर्षांत हा सल्ला मी कित्येकांना दिला असेल. सात वर्षांच्या मुलीला तो देताना मला वेगळे काही वाटले नाही. उलट ती कशी ऐकते याचा मला अभिमान वाटला.

ती खरोखर ऐकत होती. सकाळी दहाच्या सुमारास ट्रॉली येई. सिस्टर विचारीत, “कशी आहेस ग?” ती म्हणे, “बरं शे.” मग पट्टी सुटे, जखमेला चिकटलेली आतली जाळीची पट्टी निघे, ती निघताना मुलगी फ्रॉकचा काठ तोंडात घालून दातांत धरी आणि डोळे छताला लावी. आवाज नाही. ड्रेसिंग संपले की ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडे. सिस्टर म्हणत, “शहाणी आहे हो तुमची भाची. निजली बघा.” ती निजलेली नसे. तिच्या पापण्या हलताना मला दिसत. मी ते वहीत टिपून घेई : दिवस दुसरा, सकाळचे ड्रेसिंग, मुलीने फ्रॉक चावून फाडला, नंतर दोन तास भिंतीकडे तोंड. दिवस तिसरा, तसेच, जेवण नाकारले. अर्जाला पुरावा लागतो. मी पुरावा जमवीत होतो.

आणखी एक गोष्ट ती करीत असे. दुपारच्या वेळी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणे, “मामा, माले ताक दे ना.”

उन्हाळ्याचे दिवस. ताक मागणे रास्त होते. रुग्णालयाबाहेरच्या एका हॉटेलातून मी ताक आणले, जिरे-मीठ घातलेले. तिने पेल्याकडे पाहिले, डावा हात पुढे करून पेला धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि परत दिला. “पी ना,” मी म्हणालो. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताक मागितले. मी हॉटेल बदलले, बिनमिठाचे आणले. तिने ते तोंडाला लावले नाही. तिसऱ्या दिवशी तिने सिस्टरकडेच ताक मागितले. तोंडाने मागू नकोस असे सांगितलेले असूनही मागितले, म्हणून मी तिच्याकडे रागाने पाहिले. सिस्टर म्हणाल्या, “द्या की मामा, ताकाला कोण नाही म्हणतंय.” वॉर्डात सगळे मला मामाच म्हणू लागले होते. ताक आले. ती प्यायली नाही. हट्टी आहे, असे आम्ही दोघांनीही ठरवले.

शेजारच्या खाटेवरील मुलगी मात्र मांडीत कळ आली की सगळा वॉर्ड डोक्यावर घेई. तिची बोली मला अर्धीच कळे, पण ओरडणे सर्वांना कळे. मग सिस्टर बाटली घेऊन येत, मोजून सिरप देत, आणि थोड्या वेळाने ती शांत होई. तिच्या आजीने हे सगळे पाहिले होते व मलाही पाहिले होते. चौथ्या दिवशी मी वही लिहीत असताना ती बाजारात शिकलेल्या आमच्या बोलीत म्हणाली, “दादा, मन्ही नात चिल्लास, तं दवा भेटस. तुमनी पोर गप. तुमी नुसता लिखतस. तो कागद हातले घासीसन दुखनं जाई का?”

शेजारच्या दोन-तीन बाया हसल्या. मी तिला समजावून सांगितले की कागदाची किंमत प्रत्येकाला कळत नाही. तिने मान डोलावली आणि नातीच्या कानात हळूच फुंकर घालत बसली.

त्याच दिवशी डॉक्टर आले. त्यांनी भाचीला मूठ उघडायला सांगितली. तिने उघडली नाही. त्यांनी एक बोट सरळ करून पाहिले तेव्हा तिचे सगळे अंग ताठ झाले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “बोटं रोज उघडमीट झाली पाहिजेत. ही हात मुठीत धरून बसते. अशीच आठवडाभर राहिली तर नवी कातडी आखडेल आणि बोटं पुन्हा सरळ होणार नाहीत. उजवा हात आहे. लिहायचं आहे तिला.”

ते पुढच्या खाटेकडे गेले. मी वहीचे पान उलटले. ज्या हाताने अक्षर काढायचे तो हात. माझ्या घराण्यात हाताने पोट भरणारे सगळेच आहेत, पण लिहून भरणारा मी पहिला. आणि ही मुलगी पहिलीपासून पाटीवर माझी सही गिरवते. म्हणून अर्ज आणखी लांबवायचा नाही, असे मी ठरवले. संध्याकाळी घरी बसून त्याची शुद्ध प्रत केली. विषय : मुलांच्या वॉर्डात भाजलेल्या रुग्णास वेदनेवरील औषध न दिल्याबाबत. मजकूर दोन पाने. मुद्दे सात. चार दिवसांचा तपशील परिशिष्टात. आजवर लिहिलेल्या माझ्या चांगल्या अर्जांत तो बसेल.

पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तो सिस्टरांच्या टेबलावर ठेवला व पोहोच मागितली.

सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. उभ्यानेच दोन्ही पाने वाचली, परिशिष्टही वाचले. मला वाटले, आता त्या रागावतील, किंवा घाबरतील. सव्वीस वर्षांत लोक या दोहोंपैकी एक करताना मी पाहिले आहे. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी कप्प्यातून भाचीचे कागद काढले.

“मामा, अक्षर फार सुंदर आहे तुमचं. खरं सांगते. आता माझं वाचा.”

मी वाचले. दिवस पहिला : रुग्ण शांत. विचारले असता बरे आहे म्हणते. दिवस दुसरा : रुग्ण शांत, झोप चांगली. दिवस तिसरा : बरे आहे म्हणते. ताक मागते, पीत नाही. दिवस चौथा : शांत. रोज त्याच निळ्या शाईत, रोज त्याच ओळी. वर डॉक्टरांच्या अक्षरात औषधांची यादी, तीत वेदनेच्या औषधापुढे लिहिलेले : गरजेनुसार.

“गरजेनुसार म्हणजे काय, सिस्टर?”

“म्हणजे लागलं तर द्यायचं. मुलानं सांगितलं, रडलं, तर. ही कधी रडली का? तुम्ही एवढे जवळ बसून होता. दिवस दुसरा, फ्रॉक चावून फाडला.” त्यांनी माझ्या परिशिष्टावर बोट ठेवले. “हे तुम्ही पाहिलंत ना? मग तेव्हाच मला हाक का नाही मारली? मी त्या कपाटापाशी होते. दहा पावलं.”

मी म्हणालो, “तोंडी सांगितलेल्याचा पुरावा राहत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तिरस्कार नव्हता, हे मी नमूद करतो. त्या म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर.”

खाटेपाशी जाऊन त्या खाली वाकल्या. “बाळा, हात दुखतो का ग?”

भाचीने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “बरं शे.”

सिस्टर सरळ झाल्या. “पाहिलंत? मी विचारते, आणि ती उत्तर तुमच्याकडे बघून देते. काय सांगून ठेवलंय तिला?”

मला खोटे बोलता आले असते. मसुद्यात सोयीचे तेवढेच ठेवणे ही माझ्या धंद्यातली रोजची रीत आहे. परंतु शेजारच्या खाटेपाशी खाली बसलेली आजी वर बघत होती, आणि तिला माझी घरची बोली पहिल्या दिवसापासून कळत होती. मी सांगितले. सिस्टर ऐकत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “चार दिवस. चार ड्रेसिंग.” आणि भाचीकडे बघून, “आणि मी म्हणत होते शहाणी आहे.”

त्याच वेळी दारातून माझी बहीण आली. बाळाचा ताप उतरला होता. सासूकडे त्याला ठेवून पहिल्या एसटीने ती निघाली होती. मुलीजवळ बसली, केसांवरून हात फिरवला आणि मला विचारले, खाते का, पिते का. मी म्हणालो, जेवत नाही, ताक मात्र रोज मागते. आणले की पीत नाही, हट्ट करते.

बहीण एकदम थांबली. “ताक मांगस?”

“रोज.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की ती लहान असताना मी तिची बाहुली विहिरीत टाकली होती तेव्हाही तिने पाहिले नसेल. “अरे भाऊ! ती पेवाले नही मांगत. हातवर टाकाले मांगस. मी मिरच्या खुडीसन घर येस ना, मन्हा हात आग करतस, तवय मी ताकमा हात बुडाईसन बठस. ती रोज देखस मले. तुले इतलं बी नही समजनं?”

सिस्टरांना सगळे कळले नाही. मी मराठीत सांगितले. थंडीच्या दिवसांत बहीण मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जाते. दिवसभर ओल्या मिरच्या हाताळून हातांची अशी आग होते की रात्री अंगावर पांघरूण घेतले तरी हात बाहेर ठेवावे लागतात. घरी आल्यावर त्या बाया ताकात हात बुडवून बसतात. बहिणीच्या घरी त्यासाठी एक वेगळे पातेले आहे. त्या मुलीने दुखण्यावरचा जो एकच इलाज पाहिला होता, तो ती चार दिवस मागत होती. मी तिला जिरे-मीठ घालून तो प्यायला देत होतो.

भाची आईकडे बघून म्हणाली, “माय, तू रडत नही ना, मिरच्यास्ना टाइमले?”

बहिणीने पदराने तोंड पुसले.

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. वॉर्डात त्यांना बसलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. त्यांनी हात पुढे केला व तिला विचारले, “मिरच्यांची आग जास्त, की तुझ्या हाताची?” भाचीने या वेळी माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, “मन्हा हातनी जास्ती शे. लई जास्ती.” आणि मग ती रडली. चार दिवसांचे साठलेले. सिस्टरांनी ते थांबवले नाही. त्या उठल्या, बाटली आणली, मोजून औषध दिले, घड्याळ पाहिले आणि ट्रॉली आणणाऱ्या हाताखालच्या नर्सला सांगितले, “हिचं ड्रेसिंग आज अर्ध्या-पाऊण तासानं. सगळ्यांत शेवटी.”

त्या दिवशी पट्टी सुटताना ती रडली, ओरडलीही, पण फ्रॉक तोंडात घातला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सिस्टरांनी अंगठा व त्याच्या शेजारचे बोट उघडून पाहिले. उघडले. बाकीची तीन उघडली नाहीत. “उद्या,” सिस्टर म्हणाल्या.

दुपारी त्या माझ्याजवळ आल्या. अर्ज त्यांच्या हातात होता. मला वाटले परत देतील. त्या म्हणाल्या, “पोहोच हवी होती ना?” आणि त्यांनी दुसऱ्या प्रतीवर सही केली, वेळ लिहिली, शिक्का मारला. मग खाटेच्या दांड्याला टेकून उभ्या राहिल्या व मला काही गोष्टी सांगितल्या. त्या मी त्यांच्या शब्दांत, आठवतात तशा, येथे देतो. कारण या लेखाचा खरा मजकूर तोच आहे.

“आम्हाला ताप मोजायला शिकवला, मामा. नाडी, श्वास, लघवी. सगळ्याला आकडा आहे. दुखण्याला आकडा नाही, म्हणून आम्ही रडण्यावर जायचं. जो रडतो त्याला द्यायचं. माझ्या आधीच्या सिस्टर तसंच करायच्या, मी त्यांचं बघून शिकले. गप्प पडलेलं मूल म्हणजे बरं मूल. आणि दुसरं, लहान मुलांना ही औषधं जपून द्यावीत, गुंगी येते, सवय लागते, असं मनात पक्कं बसलेलं. मध्ये एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथल्या बाई सांगत होत्या, दुखायच्या आधी द्या, सवयीची भीती धरू नका, रडण्याची वाट पाहू नका. मी वहीत लिहून घेतलं होतं. वही आहे घरी.” त्या हसल्या. “तुमच्यासारखीच. लिहिलेलं आहे, म्हणजे झालं, असं वाटत होतं.”

मी म्हणालो, “मग मी अर्ज मागे घेतो.”

“घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मला तो डॉक्टरांपुढे ठेवायचाय. ‘गरजेनुसार’ काढून ‘ड्रेसिंगपूर्वी’ लिहून घ्यायला मला कागद लागेल. पण त्यात एक कमी आहे. तुम्ही मुलीला काय सांगितलं होतं, तेही लिहून द्या.”

सव्वीस वर्षांत स्वतःविरुद्ध कलम मी कधी लिहिले नव्हते. आठवा मुद्दा म्हणून तो लिहिला. तीन ओळी लिहायला मला जितका वेळ लागला तितका पहिल्या सात मुद्द्यांना मिळून लागला नसेल. खाली बहिणीने सही केली. आजीनेही अंगठा दिला; तिला कोणी सांगितले नव्हते, तिनेच शाईची गादी मागितली. “मी बी देखेल शे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून दिले. दुसऱ्या दिवसापासून नऊच्या सुमारास सिस्टर स्वतः हातात ट्रे घेऊन ज्यांचे ड्रेसिंग आहे त्या प्रत्येक मुलाला औषध देत आणि दहाला ट्रॉली निघे. शिवाय नवे मूल दाखल झाले की त्या आईला, आजीला, जो कोणी असेल त्याला एक प्रश्न विचारू लागल्या : घरी दुखलंखुपलं तर हे काय मागतं? पहिल्यांदा लोकांना कळत नसे. मग उत्तरे येत. कोणी सांगे, आईच्या पोटावर पाय ठेवून पडतो. कोणी म्हणे, चुलीजवळ जाऊन बसते. एक लहानगा दुखले की काही मागत नसे, फक्त दोन्ही कान धरून बसत असे. आणि डोंगरातल्या आजीने सांगितले की तिची नात ओरडते ते औषधासाठी नव्हे, कानात फुंकर घाल म्हणून. औषध मिळते ते बरेच झाले. त्यावर सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून खाली आला. पण त्यांनी ते लिहून घेतले, आणि पायाचे वजन बदलताना औषधाबरोबर आजीला फुंकर घालायला उशाशी बसवले.

माझी भाची एकवीस दिवस राहिली. मी वही उघडली नाही, असे म्हणणार नाही. उघडली, पण पान मध्येच सोडून उठण्याची सवय मला लागली. ती म्हणे, “मामा, आते दुखी ऱ्हायनं,” आणि मी दहा पावले चालत कपाटापर्यंत जाई. रोज थोडी थोडी बोटे उघडत गेली. सिस्टर तिला ओला स्पंज पिळायला देत, बहीण घरून आणलेली कणीक मळायला देई. करंगळीशेजारचे बोट दहाव्या दिवशी सरळ झाले. करंगळी शेवटपर्यंत पूर्ण सरळ झाली नाही. पेन धरता येते, वळणही चांगले आहे, पण ओळीच्या शेवटी हात उचलताना करंगळी वाकडीच राहते आणि कागदाला घासते.

भाचीला घरी सोडले त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारले की ती करंगळी भाजण्यामुळे अशी राहिली, की ज्या चार दिवसांत तिने मूठ उघडली नाही त्यामुळे. ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी सिस्टरांनाही विचारले. त्या म्हणाल्या, “मलाही तोच प्रश्न पडतो.” भाची खाटेवर उभी राहून आजीच्या नातीला निरोपाचा हात हलवत होती, उजवाच.

पुढे ऐकिवात आले की त्या सिस्टरांची दुसरीकडे बदली झाली. वॉर्डात आता कोण आहे, मला ठाऊक नाही. मी पुन्हा माझ्या टेबलाशी असतो. रुग्णालयाच्या कामासाठी कोणी मूल घेऊन आला, तर त्याला कागद देण्याआधी मी एकच सांगतो : सिस्टरला आधी तोंडाने सांगा, आत्ताच जा, मग या. काही जण परत येतात, काही येत नाहीत. येत नाहीत त्यांचे काम झाले असावे, असे मी धरतो.

सबब, सदर वॉर्डाच्या आजच्या इन्चार्ज सिस्टर व तेथील डॉक्टर यांच्या सेवेत नम्र विनंती अशी, की ड्रेसिंगपूर्वी प्रत्येक मुलास वेदनेचे औषध देण्याची जी पद्धत तेथे सुरू झाली होती, ती आज चालू आहे किंवा बंद पडली आहे, हे कळवावे. बंद पडली असल्यास ती पुन्हा सुरू करावी, आणि त्यासाठी मुलाने रडण्याची किंवा त्याच्या नातलगाने अर्ज करण्याची अट ठेवू नये. मुलाला दुखले की ते घरी काय मागते, हा प्रश्न विचारणारे आज कोणी आहे का, हेही कृपया लिहावे. सदर मुलीच्या करंगळीबाबत जबाबदारी कोणाची, याचा निर्णय मी मागत नाही. तो कोणाला देता येणार नाही, आणि त्यातील माझा वाटा मी आठव्या मुद्द्यात मान्य केलेला आहे. बाकीच्या दोन प्रश्नांच्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

अर्जदार.